सारी-बेलच्या चढणीला उकळणारी जीप

ज्याला दोष दिसतात तो माणूस कुजका, असा एक समज आमच्या खोऱ्यात रूढ आहे. आणि तो रूढ करण्यात, ज्यांचे दोष दिसले त्यांचाच पुढाकार आहे. साल्किन एजेला हे नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळून चुकले. रविवारच्या जनावरांच्या बाजारात ती दाराशी उभी राही, मेंढीची पापणी उलटून बघे, घोड्याचा खूर उचलून नाकाशी नेई आणि म्हणे, "हे आत जाणार नाही." विकणाऱ्याचा चेहरा पडे. घेणाऱ्याचाही पडे, कारण स्वस्तात मिळणारे आजारी जनावर त्याला हवेच असे. शिक्का तिच्या खिशात होता म्हणून लोक तोंडावर 'एजे, एजे', म्हणजे ताई, म्हणत. पाठ वळली की 'अर्जवाली' म्हणत.

अर्ज ती लिही, हे मात्र खरे. मेंढपाळाची मुलगी राजधानीत जाऊन पशुवैद्यक शिकली, पहिल्या वर्गाची लाल पुठ्ठ्याची पदवी घेऊन परतली, आणि परतते तो ज्या देशाने ती पदवी दिली होती तो देशच उरला नव्हता. उरले होते ते खाते. खात्याकडे एक गाडी होती, ती साहेबांच्या जावयाचे बटाटे वाहत असे. लशीची पेटी होती, पण तिच्यात लशींऐवजी साहेबांची पेये गार होत. साल्किनने अर्ज लिहिले. डोंगरावर पाणी लवकर उकळते, म्हणजे पुरते तापण्याआधीच उकळते, तेव्हा उघड्या पातेल्यात उकळलेल्या सुया वरच्या कुरणांवर निर्जंतुक होत नाहीत. दाब धरणारी झाकणाची भांडी द्यावीत, असा तिचा एक अर्ज होता. उत्तर आले की नियमात सुया उकळण्याचा उल्लेख आहे, उंचीचा नाही. तिने स्वतःच्या पगारातून तसले भांडे घेतले आणि पुढचा अर्ज लिहायला बसली. पुढे खात्याने काटकसर करायची ठरवली, तेव्हा कुणाची जागा प्रथम रद्द झाली हे सांगायला नको.

मग ती खाजगी काम करू लागली. गावातली दुभती जनावरे, जवळच्या वाड्यांवरच्या मेंढ्या, आणि उन्हाळ्यात सारी-बेल घाटापलीकडची कुरणे. खरे काम तिकडेच होते. खोऱ्यातले बहुतेक घोडे आणि याक उन्हाळाभर तिकडे असत. ती घोडीवर बसून जाई, औषधांच्या थैल्या खोगिराला बांधून. नवरा गेल्यावर, मुलगी लग्न होऊन लांब गेल्यावर, गुडघे कुरकुरू लागल्यावरही जाई.

त्या वर्षी हिवाळा सरता सरता कुरण-समितीचे म्हातारे प्रमुख शारशेन तिच्याकडे चहाला आले. पाव मोडून लोण्यात बुडवला, हवापाण्याचे बोलून झाले, आणि मग त्यांनी खरे काय ते काढले.

"साल्किन, तुझ्या हाताला तोड नाही, हे मी चारचौघांत बोलतो. पण तुझी घोडी पोचेपर्यंत शिंगरू मरतं."

"गेल्या उन्हाळ्यात एक मेलं, आता."

आता म्हणजे बापाच्या जागी. म्हाताऱ्यांना ती तसेच हाक मारी.

"एक मेलं ते माझंच होतं. तालुक्याला तो औषधांचा दुकानवाला आहे ना, नवी गाडी घेतलीय त्यानं. म्हणतो, फोन करा, येतो."

"त्याला याकाची नाडी कुठे असते ते ठाऊक आहे का?"

"नसेल. पण तो येतो तरी. समितीनं ठरवलंय, जनावरं वर चढायच्या आधी लशी घेऊन जो पहिला सारी-बेल उतरेल, ह्या उन्हाळ्याचं काम त्याचं. मी तुझ्या बाजूनं बोललो, पण तिकडं मत माझं एकच पडलं."

ते गेल्यावर साल्किनने थंड चहाच्या वाट्या गोळा करता करता हिशेब मांडला. घाटापलीकडचे काम गेले तर गावातल्या चार गाईंवर भागणार नव्हते. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या माणसाला मेंढीचा दात पाहून वय सांगता येत नाही तो तिच्या जागी उभा राहणार होता. सोमवारी तिने घोडी विकायला काढली. घोडी, तिचे शिंगरू आणि दोन याक. घोडी गेली, दावे मात्र तिने ठेवून घेतले. विकलेल्या जनावराचे दावे दिले की घरातली बरकतही त्याच्या मागोमाग निघून जाते. हे लाल पुठ्ठ्याच्या पदवीवाल्यांनाही पाळावे लागते. धाकटा दीर किदिर तिथेच होता. त्यानेही आपला जुना ट्रक विकताना गिअरच्या दांड्यावरचा गोळा काढून ठेवला होता, तो त्याच्या दाराशी खिळ्याला लटकत असे.

"जेंगे," तो म्हणाला. वहिनीला तो तशी हाक मारी. "घोडी विकून जीप घेणारी बाई ह्या खोऱ्यात तू पहिलीच. जीप बिघडली तर तिला कापून खाता येत नाही, लक्षात ठेव."

"तू येतोस का बघायला, की नुसता बोलतोस?"

"येतो की. बोलायला गाडीत जास्त मजा येते."

जनावरांच्या बाजाराला लागूनच गाड्या उभ्या राहतात. तिथे दाइर नावाच्या माणसाकडे ती जीप होती; जपानी, राखाडी रंगाची, चारही चाकांना जोर देणारी, उंच पोटाची. दाइर शहरातला, दाढी तासलेला, बोलण्यात लोण्यासारखा.

"सासऱ्यांची आहे, एजे. सरळ जहाजातून उतरली ती त्यांच्या अंगणात. म्हातारा माणूस, शिकारीला जायचा वर्षातून एकदा. बाकी वेळ कापडाखाली. साडेसहा लाख सोम, भाव एकच."

"शिकारीला कुठं जायचे?"

"इथंच, जवळपास."

"डोंगरात?"

"डोंगरात कसले, वयस्क माणूस. ससे मारायचे, ससे."

किदिरने टायरला लाथ मारली, दार उघडून आपटले, आणि तज्ज्ञाच्या थाटात म्हणाला, "आवाज चांगला आहे."

"दाराचा," साल्किन म्हणाली. "इंजिन रिस्कुलच्या खड्ड्यावर बघू."

रिस्कुलचे गॅरेज घाटाच्या पायथ्याला होते. त्याने जीप खड्ड्यावर घेतली आणि दिवा घेऊन खाली उतरला. सांगाडा ठोकून पाहिला, पुढच्या चाकांना जोर मिळतो का ते उचलून पाहिले, तेलाची पट्टी काढून बोटांत चोळली. साल्किन प्रत्येक गोष्ट वाकून पाहत होती आणि तिचे प्रश्न संपत नव्हते. दाइर घड्याळाकडे बघू लागला. शेवटी रिस्कुल वर आला, हात पुसत म्हणाला, "एजे, सांगाड्याला गंज नाही. तेल स्वच्छ आहे, त्यात पाणी नाही. पुढचे दोन सांधे बदलायला लागतील. ह्या वयाच्या गाडीत मी ह्याहून वाईट रोज बघतो."

"म्हणजे घेऊ?"

"मी खालून सांगितलं. वरून तुम्ही बघा."

ती वरून बघू लागली. दाइर आणि किदिर बाहेर सिगारेट ओढत उभे होते. ती एकटी आत बसली आणि बाजाराच्या दाराशी जशी बघत असे तशी, घाई न करता, एकेक जागा बघू लागली. सिगारेट पेटवायची गुंडी तिच्या भोकात नव्हती. राखदाणीचे झाकण नव्हते. आतल्या दिव्यावरची काच नव्हती. मागच्या जादा चाकाला चार ठिकाणी जपानी बोल्ट आणि एका ठिकाणी तारेचा पीळ होता. चार निरनिराळ्या जागा, चार लहानसहान वस्तू. एकही तुटलेली नाही, सगळ्या नीट काढून नेलेल्या. तुटलेल्या वस्तूची काही खूण मागे राहते. इथे नुसत्या स्वच्छ, रिकाम्या जागा होत्या. साल्किन त्या रिकाम्या जागांकडे पाहत राहिली, आणि मग खिडकीतून बाहेर, दाइरच्या गुळगुळीत गालांकडे.

खाली उतरून ती म्हणाली, "चला, घाटात जाऊ."

"घाटात कशाला, एजे? सपाटीला चालवून बघितली की."

"मला काम सपाटीला नाही."

"वर बर्फ आहे अजून."

"म्हणूनच चार चाकांना जोर लागतो ना? की ती पण ससे मारायलाच होती?"

किदिर हसला. रिस्कुलच्या अंगणातून मिठाची पोती आणून तिने मागे भरायला लावली, कारण रिकाम्या गाडीचा घाट चढणे आणि औषधे, पाणी, माणसे भरलेल्या गाडीचा घाट चढणे ह्यांत फरक असतो. दाइरने निमूटपणे इंजिन सुरू केले. अर्धा घाट जीप सुरेख चढली. खालच्या गिअरमध्ये ती पोट घासणाऱ्या दगडांवरूनही हळूहळू, न गुरगुरता वर जात होती आणि साल्किनच्या मनात, नको नको म्हणत असताना, एक हाव जागी झाली. मग झाडे संपली, वळणाच्या दोन्ही बाजूंना मळका बर्फ दिसू लागला, आणि तापमानाच्या काट्याने तांबड्या रेघेकडे झेप घेतली. बोनेटच्या फटींतून वाफ निघाली. दाइरने गाडी थांबवली.

"आज ऊन जरा जास्तच आहे," तो म्हणाला.

किदिर खिडकीतून बर्फाकडे पाहत म्हणाला, "हो, बर्फातल्या उन्हानं चक्कर आली बिचारीला."

साल्किन खाली उतरली. "दाइर, तुझ्या सासऱ्यांनी ही जीप स्वतःलाच किती वेळा विकली?"

"म्हणजे?"

"पेटवायची गुंडी एकानं ठेवून घेतली. राखदाणीचं झाकण दुसऱ्यानं. दिव्याची काच, चाकाचा बोल्ट. बरकत आपल्याच घरी राहावी म्हणून इतक्या जणांनी दावी सोडवून घेतली आहेत, आणि तू म्हणतोस एकाच घरातली."

दाइरने सिगारेटचे पाकीट काढले आणि न उघडता परत खिशात ठेवले. लोणी वितळून गेले आणि खालचा साधा, दमलेला माणूस दिसू लागला. "सासरे नाहीत," तो म्हणाला. "मी हिवाळ्यात घेतली. ज्यानं दिली त्यानं पण काही सांगितलं नाही. मी पहिल्यांदा घाटात आलो आणि ह्याच वळणावर अडकलो. खाली एकदम मेंढरासारखी वागते, एजे. वर आली की उकळते. दोन कारागीर झाले, कुणाला काही सापडत नाही. मला पैसे मोकळे करायचेत, दुसरं काही नको."

"इंजिनचं डोकं गेलंय," किदिर म्हणाला. "जेंगे, चल खाली. माझ्या ट्रकचं असंच झालं होतं. ही घेतलीस तर घोडीपण गेली आणि घाटपण गेला. लोक म्हणतील, सगळ्यांचे दोष काढणारी बाई स्वतःच फसली."

हे शेवटचे वाक्य खरे होते, म्हणूनच झोंबले. लोक म्हणतीलच. खात्यातले साहेब, औषधांचा दुकानवाला, बाजारात तिने ज्यांची जनावरे परत पाठवली ते सारे. त्यांच्यासाठी तो उन्हाळाभर पुरेल एवढा आनंद झाला असता. साल्किन मात्र बोनेट उघडून उभी होती. इंजिन भाजत होते. तिने वरची जाड रबरी नळी, जिच्यातून तापलेले पाणी जाते ती, फडक्याने धरून दाबली. ती मऊ होती. पान्हा चोरलेल्या गाईच्या सडासारखी मऊ. इतक्या वाफेने ती टणक फुगायला हवी होती, दाबता येऊ नये इतकी.

"थांबू या," ती म्हणाली. "गार होऊ दे."

ती एका दगडावर बसली. किदिरने खिशातून सुकवलेल्या दह्याचे गोळे काढले आणि ते तिघांनी चघळले. खाली खोरे पसरले होते. तिच्या डोक्यात मात्र एक भांडे होते; सुया उकळायचे, दाब धरणारे, खात्याने न दिलेले. त्याचे झाकण सैल बसले की वरच्या कुरणावर ते भांडे नुसती वाफ सोडते आणि आतले पाणी पुरते तापतच नाही. खाली खोऱ्यात तेच झाकण चालून जाते. खाली मेंढरासारखी, वर उकळते.

इंजिन गार झाल्यावर तिने रेडिएटरचे झाकण फिरवून काढले. ते बाकीच्या सगळ्या गाडीहून नवे आणि चकचकीत होते. तिने उलटे करून पाहिले. आतली स्प्रिंग आखूड होती आणि रबराची चकती तोंडाच्या कडेपर्यंत पोचतच नव्हती. कुठल्यातरी लहान गाडीचे झाकण ह्या तोंडावर फिरवून बसवलेले. मूळ झाकण कुणाच्या तरी दाराशी, खिळ्याला लटकत असणार. इतरांनी गुंडी, काच असले बिनकामाचे काहीतरी नेले. ह्या एका अक्कलशून्याने बरकत म्हणून गाडीचा श्वासच काढून नेला होता.

तिने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. झाकण उघडेच ठेवून तिने रेडिएटरमध्ये पाणी भरायला लावले आणि दाइरला इंजिन सुरू करायला सांगितले. मग वाकून, त्या लहानशा तोंडात पाहत राहिली. इंजिनचे डोके गेले असते तर आतला धूर पाण्यात उतरून बुडबुडे आले असते, त्याचा वास आला असता. पाणी स्थिर होते. तिने नाक जवळ नेले. नुसते पाणी.

"बंद कर," ती म्हणाली आणि सरळ उभी राहिली. "दाइर, ऐक. ह्या गाडीचा दोष मला कळला आहे."

"कळला?" दाइरने किदिरकडे पाहिले.

किदिरने खांदे उडवले. "तिला दोष कळतातच. तो रोगच आहे तिला."

"तुला जाणून घ्यायचा असेल तर सांगते," साल्किन म्हणाली, "पण मग गाडी तुझी तूच ठेव, दुरुस्त कर आणि तुझ्याच भावानं दुसऱ्या कुणाला दे. न जाणता द्यायची असेल, तर साडेसहा लाख विसर. माझा भाव चार लाख सोम."

दाइर हसला, फसवणाऱ्याला समोरचाही फसवतोय असेच वाटते. "एजे, तुम्ही थापा मारताय."

"मग सांगू?"

त्याने वाफेने ओल्या झालेल्या बोनेटवर तळहात ठेवला. ह्याच वळणावर त्याने दोनदा रात्र काढली असावी. "नको," तो शेवटी म्हणाला. "मला ह्या गाडीबद्दल आणखी काहीच जाणून घ्यायचं नाही. पण चार नाही. पाच."

रिस्कुलच्या अंगणात, परत आल्यावर, सौदा झाला. किदिरने दोघांचे हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि हापशासारखे वरखाली हलवू लागला. "पाच, देते म्हण, जेंगे." साल्किन म्हणाली, "नाही." "साडेचार, हो म्हण, भावा, बायकोला तोंड दाखवायचं आहे ना?" दाइरने हात ओढून घेतला, किदिरने परत पकडला. रिस्कुल मध्ये पडला, "साडेचार आणि सांध्यांचे मी कमी घेईन." हात एकदा जोरात खाली आला आणि सुटला. साडेचार.

पैसे हातात आल्यावर दाइरने जीपवरून हात फिरवला आणि संकोचून म्हणाला, "एजे, काहीतरी ठेवून घेऊ द्या. निदान किल्लीचा पट्टा."

"पट्टा नाही." साल्किनने बोनेट उघडले, झाकण फिरवून काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले. "हे ने."

"झाकण? झाकणाशिवाय गाडी कशी चालणार?"

"ह्याच्यामुळेच चालत नव्हती."

दाइर ते झाकण उलटसुलट करून पाहू लागला. रिस्कुलने पुढे येऊन एक नजर टाकली, कपाळावर हात मारला आणि आपल्या भंगाराच्या ढिगाकडे गेला. तिथे त्याच जातीच्या एका चिरडलेल्या जीपचे इंजिन पडले होते. त्याने त्याचे झाकण काढून पुसले, रबर तपासले आणि बसवले. ते खट्ट करून बसले. दाइर तोवर तसाच उभा होता. "दोन कारागीर झाले," तो पुन्हा म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळले नाही.

"त्यांनी ती खाली बघितली," साल्किन म्हणाली. "खाली ती आजारीच नव्हती."

त्याच आठवड्यात, नवे सांधे बसल्यावर, लशीच्या पेट्या बर्फात बांधून, पाण्याचे डबे आणि मिठाची पोती भरून साल्किन एजे घाटाकडे निघाली. शेजारी किदिर होता. गावच्या वेशीवर त्याने तळवे उघडून वाटेसाठी आशीर्वाद मागितला, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि लगेच म्हणाला, "उकळली तर मी आधीच सांगून ठेवतो, मी ढकलणार नाही."

पायथ्याला, चिखलाच्या अलीकडे, औषधांच्या दुकानवाल्याची नवी, बुटकी गाडी उभी होती. तो बाहेर उभा राहून फोनवर कुणाला तरी रस्ता वाळायला किती दिवस लागतील ते विचारत होता. साल्किनने जीप खालच्या गिअरमध्ये टाकली आणि त्याच्या शेजारून, त्याच्या बुटांवर एक थेंबही न उडवता, चिखलातून पुढे काढली. ही काळजी तिने मुद्दाम घेतली. चिखल उडवला असता तर त्याला तक्रार करायला काहीतरी मिळाले असते.

झाडे संपली. मळका बर्फ आला. ते वळण आले. किदिर बोलायचा थांबला होता आणि काट्याकडे पाहत होता. काटा अर्ध्यावर होता. साल्किनने मुद्दाम थांबून बोनेट उघडले आणि नळी दाबली. ती दगडासारखी टणक होती, दाबता दाबेना. तिने बोनेट लावले आणि निघाली. वर, घाटमाथ्यावर, वारा इतका होता की दार उघडेना. त्या वाऱ्यात, थरथरही न करता, इंजिन एका सुरात चालत होते. किदिर म्हणाला, "जेंगे, मी माझा ट्रक उगाच विकला. त्याचंही झाकणच असेल."

"त्याचा दोष झाकण नव्हतं. त्याचा मालक होता."

पलीकडे उतरताना कुरणावरचा पहिला पांढरा तंबू दिसला. धुराच्या शेजारी शारशेन उभे होते. दोन दिवसांपूर्वी घोड्यावरून, आपले थोडे याक पुढे घालून, जागा धरायला वर आले होते ते; बाकीची जनावरे अजून खालीच होती. जीप येऊन थांबली तशी त्यांनी प्रथम आत डोकावून चालकाच्या जागी कोण आहे ते पाहिले.

"कुणी आणून सोडलं तुला?"

"मीच मला आणलं, आता."

"घाटात थांबलीस कितीदा?"

"एकदा. आणि ते मला थांबायचं होतं म्हणून."

म्हाताऱ्यांनी जीपभोवती एक फेरी मारली. तंबूतून त्यांची बायको आली आणि नव्या वस्तूवर ठेवायचे म्हणून ताज्या तळलेल्या पावाच्या तुकड्यांची परडी तिने बोनेटवर ठेवली. किदिरने लगेच त्यातले दोन उचलले.

"ह्या उन्हाळ्याचं काम तुझं," शारशेन म्हणाले. "मी समितीला कळवतो."

"उन्हाळ्याचं नाही. सबंध वर्षाचं. जनावरं हिवाळ्यात पण आजारी पडतात, आणि हिवाळ्यात पण मी येऊ शकते. ते समितीनं आजच ठरवावं."

"आज? समिती खाली आहे, साल्किन."

"तुम्ही समितीचे प्रमुख आहात ना? मग समिती इथंच आहे."

शारशेन बायकोकडे वळले. "बघ, अजून खाली उतरली नाही नीट आणि सुरू झाली." पण ते हसत होते, आणि त्यांनी हात पुढे केला. साल्किनने तो धरला, एकदाच, घट्ट. मग तिने बाह्या सरसावल्या, मागचे दार उघडून लशीची पहिली पेटी खाली घेतली आणि म्हणाली, "याक कुठं आहेत? ऊन आहे तोवर सुरुवात करू."